ऊब शेडला द्यायची की रोपाला?
(थंडीतल्या घरच्या ऊस रोपवाटिकेच्या विजेचा हिशोब)

— ऊस विकास अधिकारी, शेतकी खाते



सुरू लागणीसाठी घरच्या घरी ट्रेमध्ये एक डोळा रोपे तयार करणाऱ्या सभासदांची संख्या आपल्या कार्यक्षेत्रात वाढत चालली आहे, ही चांगली गोष्ट आहे. बेणे कमी लागते, आधीच्या पिकातून रान मोकळे होईपर्यंत रोप घरी वाढत राहते आणि एक महिन्याची बचत होते. पण डिसेंबर-जानेवारीत एक अडचण हमखास येते. थंडीने डोळा फुटत नाही. मग कोणी बल्ब लावतो, कोणी हीटर आणतो, कोणी शेगडी पेटवतो. रोपे मिळतात की नाही ते पुढचे पुढे, पण वीजबिल मात्र नक्की येते. त्या खर्चाचा हिशोब कसा मांडायचा आणि तो कमी कसा करायचा, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

एका चुकीपासून सुरुवात

आधी माझी स्वतःची चूक सांगतो, म्हणजे पुढचे नीट ध्यानात राहील. आपल्या गटातल्या एका जुन्या सभासदांनी मला डिसेंबरात विचारले, "साहेब, डोळे काही हालेनात, काय करू?" मी गडबडीत होतो. मोटारसायकल चालू ठेवूनच बोललो, "आबा, शेडला ऊब द्या." एवढे सांगून पुढच्या गावाला गेलो.

आबांनी सांगितल्याप्रमाणे केले. ट्रॅक्टर बाहेर काढला, शेड झाडून घेतले, शंभर ट्रे एका भिंतीला रचले आणि दोन-दोन हजार वॅटचे दोन हीटर आणून लावले. संध्याकाळी सात ते सकाळी सात. अशा नऊ रात्री. दहाव्या दिवशी मी गेलो तेव्हा वरच्या चार-पाच ट्रेमधले कोकोपीट वाळून भुगा झाले होते, मधल्या ट्रेंना बरे कोंब होते आणि खालच्या ट्रेमधला डोळा जसा ठेवला तसाच होता. पाच हजारांतली निम्मी रोपेसुद्धा हाती लागली नाहीत. रानाची तयारी झालेली, सऱ्या पाडलेल्या, आणि रोप नाही. शेवटी निम्मे रान टिपरीने लावावे लागले, आणि तेही उशिरा.

पुढल्या महिन्यात आबांनी बिल दाखवले. एवढेच म्हणाले, "साहेब, तुम्ही ऊब द्या म्हणाला. दिली. पण कशाला दिली ते काय कळलं नाही."

बरोबर बोलले. त्यांनी ऊब दिली ती पत्र्याला, शटरला आणि फटीतून जाणाऱ्या वाऱ्याला. रोपाच्या वाट्याला आली ती उरलीसुरली. आणि हे त्यांना आधी सांगायचे काम माझे होते.

डोळ्याला किती ऊब लागते?

ऊस हे मुळात उष्ण हवामानातले पीक. डोळा झपाट्याने फुटायला ३० अंश सेल्सिअसच्या आसपासचे तापमान चांगले. २० च्या खाली उगवण मंदावते आणि १०-१२ च्या आसपास ती थांबल्यासारखीच होते. दुसऱ्या टोकाला ४० च्या वर गेले तर कोवळा कोंब भाजतो. म्हणजे आपल्याला साधायचे आहे ते २८ ते ३२.

आता आपल्याकडची हवा बघा. डिसेंबर-जानेवारीत दुपारी पारा २८-२९ पर्यंत जातो, पण पहाटे १०-१२ वर उतरतो. निफाडसारख्या भागात तर १० च्याही खाली येतो. म्हणजे दिवसा ऊब फुकट आहे, प्रश्न आहे तो रात्रीच्या बारा तासांचा.

दुसरी गोष्ट ही की ही ऊब महिनाभर लागत नाही. ट्रे एकावर एक रचून झाकून ठेवायचे जे पहिले सात-आठ दिवस असतात, तेवढ्यापुरतीच ती लागते. २००९ साली इक्रिसॅट आणि डब्ल्यूडब्ल्यूएफ यांच्या संयुक्त प्रकल्पाने ऊस लागवडीची एक पुस्तिका काढली. तिच्यात हीच रीत आहे: डोळे भरलेले ट्रे एकावर एक रचावेत, वरून प्लास्टिकने घट्ट गुंडाळावेत, पाच ते आठ दिवस तसेच ठेवावेत आणि फार थंडी असेल तर बल्ब लावून कृत्रिम ऊब द्यावी. तीत चूक काही नाही. चूक होते ती 'खोलीला ऊब' याचा अर्थ लावताना.

युनिट म्हणजे काय, हे आधी पक्के करू

एक हजार वॅटचे उपकरण एक तास चालले की एक युनिट. एका युनिटातून मिळणारी उष्णता ठरलेली आहे: ८६० किलोकॅलरी. म्हणजे ८६ लिटर पाणी १० अंशांनी तापवण्याइतकी.

यावरून गावात चालणारे तीन समज तपासून बघू.

पहिला समज : "हीटरपेक्षा बल्ब स्वस्त पडतो." तसे नाही. शंभर वॅटचे दहा जुने पिवळे बल्ब आणि हजार वॅटची एक कॉइल यांची उष्णता एकच आणि बिलही एकच. बल्बचा फायदा इतकाच की ऊब थोडी थोडी आणि पाहिजे त्या जागी देता येते.

दुसरा समज : "एलईडी लावला, वीज वाचली, ऊबही मिळाली." नऊ वॅटचा एलईडी नऊ वॅटचीच ऊब देणार. उजेड भरपूर म्हणून ऊबही भरपूर असेल, असे मानू नये.

तिसरा समज : "हीटरवर दोन हजार लिहिले आहे, म्हणजे दोन हजार मिळणारच." ते २३० व्होल्टला. हिवाळ्यात रात्री सगळ्यांच्या मोटारी चालू असतात आणि व्होल्टेज १८० वर येते, तेव्हा तोच हीटर सुमारे बाराशे वॅटच देतो. बिल कमी येते हे खरे, पण ऊबही तेवढीच कमी मिळते, आणि ती ऐन पहाटे, जेव्हा सगळ्यात जास्त लागते तेव्हा.

शेडची गळती

आता मुख्य मुद्दा. फुटक्या हौदात पाणी किती सोडावे लागेल, हे हौदाच्या आकारावर ठरत नाही, ते भोकांवर ठरते. उबेचे तसेच आहे. शेड एकदा तापले की काम संपले, असे होत नाही. जेवढी ऊब बाहेर जाते तेवढी दर तासाला भरत राहावी लागते. ती किती जाते, हे तीन गोष्टींवर अवलंबून असते : बाहेरच्या बाजूचे क्षेत्रफळ, आतल्या-बाहेरच्या तापमानातला फरक आणि भिंत-छप्पर कशाचे आहे.

एक चौरस मीटर म्हणजे जवळजवळ ११ चौरस फूट. एवढ्या भागातून, एक अंश फरक असताना जाणारी ऊब ढोबळमानाने अशी धरावी :

उघडा पत्रा किंवा शटर : ६ ते ७ वॅट
एकेरी प्लास्टिक : ६ वॅट
नऊ इंची विटांची भिंत : २ वॅट
प्लास्टिक आणि त्यावर कोरड्या गोणपाटाचे दोन थर : ३ वॅट
प्लास्टिक, आणि बाहेरून वाळके पाचट दाबून भरलेली पोती : १ वॅट

आपल्याकडचे नेहमीचे ट्रॅक्टरचे शेड घेऊ. लांबी २० फूट, रुंदी १२ फूट, उंची १० फूट. वर पत्रा, तिन्ही बाजूंना विटा, पुढे शटर.

पत्र्याचे छप्पर २२ चौरस मीटर : दर अंशाला १४३ वॅट
विटांच्या भिंती ५२ चौरस मीटर : १०४ वॅट
शटर ६ चौरस मीटर : ३९ वॅट
शटरखालची फट, वाशांजवळची मोकळी जागा यांतून जाणारी हवा (तासाला चार वेळा शेडमधली हवा बदलते असे धरून) : ८६ वॅट
एकूण : दर अंशाला सुमारे ३७० वॅट

रात्रभराची सरासरी बाहेर १४ अंश धरा आणि आत २८ पाहिजेत. फरक १४ अंशांचा. ३७० गुणिले १४ म्हणजे ५,१८० वॅट. बारा तासांचे ६२ युनिट. दर तुमच्या बिलावर असेल तो घ्यावा, हिशोबाला सोपे म्हणून मी युनिटला १० रुपये धरतो. म्हणजे एका रात्रीला ६२० रुपये, आठ रात्रींना ५०० युनिट आणि जवळजवळ ५,००० रुपये. पाच हजार रोपांवर वाटले तर नुसत्या उबेचा खर्च रोपामागे एक रुपया. बेणे, कोकोपीट, ट्रे, मजुरी हे सगळे वेगळे.

आणि हे झाले साध्या दराने. घरगुती मीटरला जास्त वापराचा दर टप्प्याटप्प्याने चढतो. शंभराच्या पुढे वेगळा, तीनशेच्या पुढे वेगळा, पाचशेच्या पुढे वेगळा. आठ दिवसांत पाचशे युनिट घातले तर त्यातले बरेचसे चढ्या दरात पडतात. म्हणून मागचे बिल काढून आपण कुठल्या टप्प्यात आहोत ते आधी बघावे.

आबांचे दोन हीटर मिळून चार हजार वॅटचे, म्हणजे गरजेपेक्षा कमीच. त्यात व्होल्टेज उतरलेले. शिवाय गरम हवा वर जाते. पत्र्याखाली शेकायला मिळेल इतकी ऊब आणि जमिनीलगत हुडहुडी. वरचे ट्रे वाळले आणि खालचे गारठले, त्याचे कारण हे. अजून दोन हीटर आणले असते तर बिल वाढले असते, खालच्या ट्रेंना फार फरक पडला नसता.

शेडच्या आत छोटी खोली

मग उपाय काय? शेड तापवायचेच नाही. तापवायचे फक्त ट्रे.

एकरी पाच हजार डोळ्यांना पन्नास खणांचे शंभर ट्रे लागतात. पंचवीस-पंचवीसचे चार थर जवळजवळ लावले की सगळा पसारा लहानशा कपाटाएवढा होतो. त्याच्याभोवती बांबूंचा ५ फूट लांब, ४ फूट रुंद, ६ फूट उंच सांगाडा उभा करावा आणि त्याला प्लास्टिक लावावे. याची बाहेरची बाजू सगळी मिळून १२ चौरस मीटर भरते. कुठे शेडचे ऐंशी मीटर आणि कुठे हे बारा.

दुसरा फायदा असा की हा सांगाडा शेडच्या आत आहे. दुपारी शटर उघडून ऊन आत घेतले आणि साडेचारच्या सुमाराला शटर बंद केले, तर बंद शेड रात्री बाहेरच्यापेक्षा तीनएक अंशांनी उबदार राहते. म्हणजे १४ ऐवजी १७. आतल्या-बाहेरच्या तापमानाचा फरक १४ ऐवजी ११ वर आला.

आता त्याच रीतीने हिशोब करू :

नुसते एकेरी प्लास्टिक : १२ × ६ × ११ = सुमारे ८०० वॅट. रात्रीला साडेनऊ युनिट, ९५ रुपये. रोपामागे १५ पैसे.

प्लास्टिक आणि गोणपाटाचे दोन थर : १२ × ३ × ११ = सुमारे ४०० वॅट. रात्रीला पावणेपाच युनिट, ४८ रुपये. रोपामागे ८ पैसे.

प्लास्टिक आणि भोवती पाचटाची पोती : १२ × १ × ११ = १३२, फटींचे धरून १५० वॅट. रात्रीला पावणेदोन युनिट, १८ रुपये. रोपामागे ३ पैसे.

सभासद बंधूंनो, कुठे एक रुपया आणि कुठे तीन पैसे! यात नवीन यंत्र आलेले नाही. वीज तीच, रोपे तीच. फक्त भोक आधी बुजवले आणि मग पाणी सोडले. आणि भोक बुजवायला लागले काय? तर ज्या पाचटाला काही लोक अजून काडी लावतात ते पाचट आणि खताची रिकामी पोती.

पोती भरताना पाचट खडखडीत वाळलेले असावे. ओले झाले की ऊब अडवण्याचा त्याचा गुण जातो. म्हणून पोती प्लास्टिकच्या बाहेरच्या बाजूला लावावीत, आत नाही. जमिनीवरही आधी पोत्यांचा थर, त्यावर फळ्या आणि मग ट्रे. थंड फरशी रात्रभर खालून ऊब ओढत राहते, हे विसरू नये. वरची बाजू सगळ्यात जाड झाकावी, कारण गरम हवा तिथेच गोळा होते.

पहिल्या रात्रीचे थोडे वेगळे आहे. भिजवलेल्या कोकोपीटसह शंभर ट्रे सुमारे अडीचशे किलो भरतात. ते थंड असतील तर नुसते तापायलाच दोनेक युनिट जातात. यासाठी ट्रे भरायचे काम दुपारच्या उन्हात करावे, कोकोपीट कोमट पाण्याने भिजवावे आणि ऊन उतरायच्या आत रचून झाकून टाकावेत. सकाळी सातला गारठ्यात ट्रे भरणे म्हणजे थंडी आत कोंडून घेणे.

वीज नसेल तर? घरचा बंब

रात्री वीज जाणे ही आपल्याकडची नेहमीची गोष्ट. मध्यरात्री गेली आणि पहाटे आली तर हीटरवाल्याची रात्र फुकट. यासाठी मला स्वतःला पटलेला उपाय सांगतो. तो वरच्या हिशोबातूनच निघाला.

पाचटाची पोती लावलेल्या सांगाड्याला रात्रभर पावणेदोन युनिट लागतात, म्हणजे सुमारे १,५०० किलोकॅलरी. एक लिटर पाणी एक अंशाने थंड होताना एक किलोकॅलरी देते. ६० लिटर पाणी ५५ अंशांवरून ३० वर आले की बरोबर १,५०० किलोकॅलरी मिळतात. म्हणजे वीस लिटरचे तीन कॅन कढत पाण्याने भरून आत ठेवले की रात्रीची सोय झाली. पाणी उकळते नको, हात घालवणार नाही इतके तापलेले पुरते. ज्यांच्या घरावर सौर बंब आहे त्यांना हे पाणी फुकट आहे. बाकीच्यांनी अंगणातला बंब पेटवावा. चिपाडे, भुरकुट्या, शेणी काहीही चालते, आणि धूर राहतो अंगणात.

कॅनची झाकणे घट्ट लावावीत. कॅन ट्रेपासून वीतभर लांब ठेवावेत आणि त्यांना एकेक पोते गुंडाळावे, म्हणजे पहिल्या दोन तासांत सगळी ऊब न सुटता ती पहाटेपर्यंत पुरते. दुधाचे अॅल्युमिनियमचे कॅन असतील तर उत्तम. आबांनी दुसऱ्या वर्षी नेमके हेच केले. हीटर दोन्ही माळ्यावर गेले.

थर्मामीटरशिवाय काम करू नका

वरचे सगळे आकडे ढोबळ आहेत. तुमचे शेड, तुमचे प्लास्टिक, तुमच्या गावचा वारा यांप्रमाणे ते कमी-जास्त होणार. खरे काय चालले आहे ते थर्मामीटर सांगतो. दोन घ्यावेत. एक सगळ्यात खालच्या ट्रेजवळ, एक सगळ्यात वरच्या ट्रेजवळ टांगावा. रात्री झोपताना, पहाटे पाचला आणि दुपारी असे तीन वेळा बघून वहीत लिहावे.

खालचा २५ च्या वर आणि वरचा ३३ च्या आत असेल तर काही करू नका. खालचा पडत असेल तर बल्ब वाढवण्याआधी फट शोधा. उदबत्ती लावून प्लास्टिकच्या कडेकडेने फिरवली की धूर जिकडे ओढतो तिकडे फट. (पोती आणि पाचट यांपासून उदबत्ती लांब धरावी.) दुपारी आतला पारा ३५ च्या पुढे जात असेल तर प्लास्टिकची एक बाजू तासभर उघडी करावी.

दर दोन दिवसांनी वरचे ट्रे खाली आणि खालचे वर करावेत. या एका कामाला पैसा लागत नाही आणि उगवण सारखी येते.

जिवाचे जपा

हा भाग कृपा करून घरातल्या सगळ्यांना वाचून दाखवावा.

(१) बंद शेडमध्ये कोळशाची किंवा लाकडाची शेगडी, घमेल्यातला विस्तव, जनरेटर कधीही ठेवू नये. त्यातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड वायू दिसत नाही, त्याला वास नाही, डोळे चुरचुरत नाहीत. माणूस झोपेतच जातो. राखणीला शेडमध्ये झोपणाऱ्यांनी तर हे कपाळावर लिहून ठेवावे.

(२) बल्ब लावायचा तर तो प्लास्टिक, गोणपाट आणि पाचट यांना कुठेही टेकता कामा नये. मातीच्या मोठ्या कुंडीला बाजूने भोके पाडून ती विटांवर उपडी ठेवावी आणि बल्ब तिच्या आत असावा. कुंडी तापते आणि ऊब सावकाश सोडते.

(३) आतली हवा दमट, जमीन ओली. अशा जागी जोडलेली, उघडी, टेप गुंडाळलेली वायर वापरू नये. सलग वायर, चांगला होल्डर, आणि शॉक लागताच वीज तोडणारा ब्रेकर बसवून घ्यावा. ट्रेला पाणी देताना आधी बटण बंद.

(४) घरगुती मीटरवर चार हजार वॅटचा भार टाकला की जुनी वायर आतल्या आत तापते. आबांच्या घरी काही झाले नाही हे नशीब. त्यावर भरवसा ठेवू नये.

पुढचे थोडक्यात

पांढरी मुळे आणि कोंबाचे टोक दिसू लागले की ट्रे लगेच बाहेर काढावेत. अजून दोन दिवस ठेवू म्हणून ठेवले तर कोंब पिवळे, लांबट होतात आणि बुरशी धरते. बाहेर काढल्यावर ट्रे जमिनीवर एकेक मांडावेत. दिवसा ऊन द्यावे, संध्याकाळी बांबूच्या कमानींवर प्लास्टिक ओढावे, सकाळी काढावे. पाणी सकाळी द्यावे. संध्याकाळी दिलेले पाणी रात्रभर रोपाला गारठवते. उन्हाळ्यात महिन्याभरात तयार होणारे रोप थंडीत दीड महिनाही घेते. तेवढे दिवस आधीच धरून लागणीची तारीख ठरवावी.

आणखी एक. ऊब दिली म्हणून मेलेला डोळा जिवंत होत नाही. बेणे नऊ ते अकरा महिन्यांचे, निरोगी, बेणेमळ्यातलेच घ्यावे. को ८६०३२ असो की कोएम ०२६५, डोळा खराब असेल तर बंब कितीही पेटवा.

ऊब द्यायची गरज कुणाला नाही, हेही सांगतो. ज्यांचे रान फेब्रुवारीच्या मध्यालाच मोकळे होणार आहे त्यांनी ट्रे भरायची घाई डिसेंबरात करू नये. जानेवारीत थंडी ओसरू लागली की भरावेत, नुसत्या झाकणावर भागायची शक्यता जास्त. सगळ्यात स्वस्त ऊब म्हणजे न लागलेली ऊब.

हिशोबाचा कागद

प्रत्येकाने वहीच्या एका पानावर एवढे लिहावे :

१. सांगाड्याची बाहेरची बाजू किती चौरस फूट? भागिले ११.
२. झाकण कशाचे? वरच्या यादीतला आकडा.
३. पहाटे शेडमधले तापमान किती? ३० मधून वजा.
४. तिन्हींचा गुणाकार म्हणजे लागणारे वॅट.
५. गुणिले १२ तास, भागिले १,००० म्हणजे रात्रीचे युनिट.
६. गुणिले बिलावरचा दर, गुणिले ८ रात्री, भागिले रोपे.

शेवटचा आकडा दहा पैशांच्या वर आला तर हीटर विकत घ्यायला जाऊ नये, आधी पोती भरायला बसावे. हाच कागद कोंबडीच्या पिलांच्या खोपीलाही तसाच लागू पडतो, फक्त पिलांना लागणारे तापमान आणि दिवस वेगळे धरावेत.

या हिशोबाचे कोरे नमुने गट ऑफिसात ठेवले आहेत. ज्यांना आकडेमोड जमत नाही त्यांनी शेडची लांबी-रुंदी घेऊन यावे, आपण बसून करू. आणि यापुढे मी कोणाला मोटारसायकलवरून सल्ला देणार नाही, हेही सभासदांनी लक्षात ठेवावे. दिलाच, तर गाडी बंद करायला लावावी.

कळावे.